परीक्षक क्रमांक दोन

आमच्या विद्यापीठाचं नाव मी सांगणार नाही, कुलसचिवांना आवडायचं नाही. त्याचा प्रकाशन विभाग मात्र उस्मानपुऱ्यात, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे आणि तिथं संपादक म्हणून मी बसते. मी म्हणजे तनुजा. खाली कुणाची दाढ कोरायला घेतली की वर आमची बैठक थांबते. पूर्वी विद्यापीठाच्या आवारात आमची ऐसपैस जागा होती, पण ती गठ्ठ्यांनी भरून गेली. वीस वर्षं छापलेली आणि कुणी न घेतलेली पुस्तकं! वाळवी तेवढी नियमित वाचत होती.

म्हणून चार वर्षांपूर्वी आमचे संचालक साहेबराव सर यांनी टेबलावर हात आपटून ठरवलं की आता पुस्तक छापून कोंडायचं नाही. संगणकावर तयार करायचं आणि इंटरनेटवर मोकळं सोडायचं. ज्याला हवं त्यानं उतरवून घ्यावं, वाचावं, दुसऱ्याला द्यावं. वाचणाऱ्यानं काही द्यायचं नाही, लिहिणाऱ्यानंही नाही. हे ऐकून निम्म्या प्राध्यापकांनी तोंड वाकडं केलं. फुकट आहे म्हणजे त्यात काय दम असणार, असं त्यांचं म्हणणं. एकानं तर विचारलं की प्रकाशन समारंभात पाहुण्यांनी फीत सोडून नेमकं काय उघडायचं? मी म्हटलं, मोबाइल उघडा. त्यांनी आपलं हस्तलिखित परत नेलं.

फुकट म्हणजे कसंही नव्हे, हे सांगून सांगून माझा घसा बसलाय. आमच्याकडं प्रत्येक हस्तलिखित दोन परीक्षकांकडं जातं. लेखक कोण हे परीक्षकाला कळू द्यायचं नाही, परीक्षक कोण हे लेखकाला कळू द्यायचं नाही. मात्र पुस्तक निघालं की ती परीक्षणं आणि त्यांना लेखकानं दिलेली उत्तरं पुस्तकासोबत उघड ठेवायची, आणि परीक्षकाची हरकत नसेल तर त्याच्या नावासकट. हा शेवटचा नियम सरांचा फार लाडका. "पडद्याआडून शेरे मारणारे लई बघितले," असं ते म्हणतात.

गेल्या डिसेंबरात अंबिकाचं हस्तलिखित आलं. पीएचडीच्या प्रबंधावरून केलेलं. विषय, मेंढ्यांच्या कानावरच्या खुणा. चार कळप एका रानात मिसळले तरी आपलं मेंढरू ओळखता यावं म्हणून प्रत्येक घराणं कान कापून आपली खूण करतं. कुणाची टोकाला चीर, कुणाची कडेला खाच. अंबिकानं गंगापूरपासून अजिंठ्यापर्यंत हिंडून एकशे चौदा खुणा गोळा केल्या होत्या. ती स्वतः मेंढपाळाच्या घरातली आणि त्या घरातली पहिली पीएचडी. सहा वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती, म्हणजे सुट्टी लागली की पगार बंद. पाच मार्चला तिची कायम जागेची मुलाखत होती आणि तोवर पुस्तक स्वीकारल्याचं पत्र हातात असेल तरच तिचा निभाव लागणार होता. रोज सकाळी अकराला तिचा फोन यायचा. "ताई, घाई नाही करत, नुसतं विचारलं." मला त्या घाई न करण्याचाच फार त्रास व्हायचा, कारण तिला जागा मिळावी असं मलाही मनापासून वाटत होतं.

पहिल्या परीक्षकानं, पुण्याच्या एका विदुषीनं, पुस्तक डोक्यावर घेतलं. पण शेवटी लिहिलं, "खुणांचे तपशील खरे की ऐकीव, हे मी सांगू शकत नाही. जाणकाराला दाखवा."

"जाणकार कुठून आणायचा?" मी सरांना म्हटलं. "कानाच्या खुणांचा प्रोफेसर असतो का?"

"प्रोफेसर पाहिजे असं नियमात कुठंय?" सर म्हणाले. "विषयाचा जाणता माणूस, एवढंच लिहिलंय. मीच लिहिलंय. आमच्या गंगापूरच्या रानात दरसाल सूर्यभान मेंढरं बसवतो. खुणा म्हणशील तर त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. त्याला वाचून दाखव."

मी लगेच तयारीला लागले. हस्तलिखितावरचं नाव काढलं. प्रस्तावना आणि ऋणनिर्देश सरसकट काढून टाकले, कारण लेखक तिथंच ओळखू येतो. काढायचंच आहे तर वाचायचं कशाला, असा माझा हिशेब. हा माझा आळस लक्षात ठेवा.

गंगापूरला उतरून जीपनं पुढं गेले. कापूस निघालेल्या रानात अडीचशे मेंढ्या, बाजूला पाल आणि पालापुढं चुलीवर भाकरी थापणाऱ्या सुगंधाबाई, म्हणजे सूर्यभानची बायको. सूर्यभान पन्नाशीचे, किडकिडीत, आणि आपण परीक्षक आहोत हे कळल्यावर एकदम ताठ बसलेले. मी फॉर्म काढला. त्यात पहिलाच प्रश्न, लेखकाशी नातं आहे का? आता लेखक कोण हे तर सांगायचं नाही. मी वळसा घालून विचारलं.

"मामा, तुमच्या नात्यात कुणी कॉलेजात शिकवतं का? पुस्तक बिस्तक लिहितं?"

"नाय."

"चुलत, मावस, कुणीच नाही?"

"नाय म्हणलं ना, मॅडम. आमच्यात कुणी नाय."

सुगंधाबाईंचा भाकरीवरचा हात थांबला. मला वाटलं धूर डोळ्यांत गेला असेल. मी 'नाही'समोर खूण केली आणि वाचायला लागले.

दोन दिवस मी वाचत होते आणि ते मेंढरांमागं चालता चालता ऐकत होते. असं परीक्षण मी जन्मात पाहिलं नव्हतं. पहिल्याच पानावर "मेंढपाळ प्रातःकाळी कळपासह प्रस्थान करतो" असं वाक्य आलं.

"कोण जातंय?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच."

"आमी निघतो. प्रस्थान नाय करत."

मग मी चित्रं दाखवली. सुबक चित्रं होती, एका कलाशिक्षकाकडून काढून घेतलेली. ती बघून सूर्यभान इतके हसले की मेंढ्या दचकल्या. "ह्या मेंढ्या फोटू काढायला हुभ्या हायेत व्हय? तोंडासमोरून कान बघतंय कोण? आमी मागून चालतो. मागून दिसतं ते काढा, न्हाय तर उजवा डावा होतोय." मी बाराव्या चित्रावर नजर टाकली. खरंच, उजव्या कानाची खूण चित्रात डाव्यावर होती. पीएचडीच्या तीन परीक्षकांना, पुण्याच्या विदुषीला आणि मला न दिसलेली चूक या माणसानं हसत हसत पकडली. मला त्यांचा अभिमान वाटला आणि स्वतःची थोडी लाजही.

तिसऱ्या दिवशी चौथं प्रकरण आलं. पुस्तकाचा गाभा तोच होता. कमी कापलेली खूण जास्त कापून बदलता येते, पण जास्त कापलेली कमी करता येत नाही, हे लेखिकेनं तिथं सिद्ध केलं होतं. उदाहरण म्हणून एका घराची गोष्ट होती, नावं न देता. दोघा भावांचा कळप एकत्र होता, खूण एकच, उजव्या कानाच्या टोकाला चीर. वाटण्या झाल्या. धाकट्यानं नवी खूण घेतली, म्हणजे आपल्या वाट्याच्या मेंढ्यांच्या कानाचं टोकच कापलं. टोक गेलं की त्यावरची चीरही गेली. मग थोरल्यानं आरोप केला की धाकट्यानं त्याच्याही सात मेंढ्यांची टोकं कापून त्या आपल्यात घातल्या. मी वाचत होते, "कापलेलं टोक कुत्रं खातं, त्यामुळे पुरावा राहत नाही. आरोप करणारा कदाचित चुकलाही असेल. अकरा वर्षांनंतर खरं काय ते सांगता येत नाही."

सूर्यभान उभे राहिले. काठी उचलली आणि मेंढरांकडं निघून गेले. मी हाका मारल्या, त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

"आता गं बाई, काय झालं?" मी सुगंधाबाईंना विचारलं.

त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "पोरी, हे पुस्तक खंडेरावच्या अंबिकेचं हाय का?"

बोलायचं नसतं. पण माझ्या तोंडाकडं बघून त्यांना कळलं.

"खंडेराव म्हणजे ह्यांचा थोरला भाऊ," त्या म्हणाल्या. "अकरा वर्सं बोलणं नाय. लग्नात नाय, मयतीत नाय. ह्या घरात नात्यातली माणसं इचारली की ते घर धरीतच नाय. म्हणून ते नाय म्हणले. लबाडी नाय केली त्यांनी."

परतीच्या जीपमध्ये मी बसल्या बसल्या मोबाइलवर मूळ हस्तलिखित उघडलं. काढून टाकलेल्या प्रस्तावनेत चौथ्याच ओळीत लिहिलं होतं, "या भागातले सर्वांत जाणते मेंढपाळ सूर्यभान हे माझे सख्खे चुलते. घरातल्या अबोल्यामुळे मला त्यांच्यापर्यंत जाता आलं नाही, ही या अभ्यासातली मोठी उणीव आहे." आडनावही एकच होतं, पण त्या आडनावाची माणसं आमच्याकडं पैशाला पासरी. मी कपाळावर हात मारून घेतला. शेजारची बाई म्हणाली, डास लई झालेत.

"रद्द," साहेबराव सर म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही, आणि ते मला जास्त लागलं. "सख्ख्या चुलत्याचं परीक्षण आपण कसं धरणार? दुसरा जाणकार शोध."

"मुलाखत पाच तारखेला आहे, सर."

"मग लवकर शोध."

मी बारा दिवस फोन फिरवले. जो खुणांचा जाणकार, तो खंडेरावांचा पाहुणा. जो पाहुणा नाही त्याला खुणा कळत नाहीत. दोन गृहस्थांनी मला सरळ सांगितलं की सूर्यभानला विचारा. इकडं अकराचा फोन चालूच होता. "ताई, परीक्षण आलं का? घाई नाही." मी "निघालंय, निघालंय" म्हणायचे आणि फोन ठेवून स्वतःला शिव्या द्यायचे. माझ्या आळसापायी एका पोरीची सहा वर्षं पाण्यात जाणार होती आणि ते तिला सांगायची माझी छाती होत नव्हती.

सव्वीस फेब्रुवारीला दुपारी जिन्यावर वहाणांचा आवाज झाला. दातांच्या दवाखान्याचे पेशंट चुकून वर येतात, म्हणून मी न बघताच म्हटलं, "खाली, खाली."

"खालून आलो ना," सूर्यभान म्हणाले. मागं सुगंधाबाई, नवं लुगडं नेसून. एसटीनं आले होते. मेंढ्या शेजाऱ्याच्या गड्यावर सोपवून. "माझं परीक्षण ऱ्हायलंय. लिव्हून घ्या."

"मामा, ते आता धरता येत नाही हो. तुम्ही लेखिकेचे चुलते निघालात."

"धरू नका. लिव्हून तर घ्या."

साहेबराव सर आतून बाहेर आले. नमस्कार-चमत्कार झाले, चहा झाला. सर म्हणाले, "घे लिहून." मी टंकायला बसले. पहिले तीन मुद्दे तुम्हाला ठाऊक आहेत, प्रस्थान, चित्रं, उजवा-डावा. ते सांगताना गडी खुशीत होता. मग चौथ्या मुद्द्याला घसा खाकरला.

"चौथ्या धड्यात चूक हाय. 'कदाचित चुकला असेल' असं लिवलंय. तो चुकला नव्हता. टोकं म्या कापली."

खाली दाढ कोरायचं चालू होतं. सुगंधाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना हे माहीत होतं की आत्ताच कळलं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं नाही.

"आन् मेंढ्या सात बरोबर हायेत. पर दोन शेळ्या बी हुत्या. त्यांच्या कानाची बी टोकं कापली. शेळ्यांचं कुणी काढलंच नाय, म्हणून म्या बी नाय बोललो. पुस्तकात सात नगं, नऊ पायजे."

मी हात थांबवला. "मामा, नीट ऐका. हे कुणालाही वाचता येणार, जगात कुठंही. कायमचं. उद्या काढा म्हणालात तर निघत नाही."

"खंडूला बी दिसंल?"

"दिसेल."

"त्याला वाचता येत नाय."

"अंबिका वाचून दाखवेल."

त्यांनी जरा विचार केला. "मग माझं नाव मोठ्या अक्षरात टाका," ते म्हणाले आणि अंगठ्याला शाई मागितली. आम्हाला शाई लागत नाही म्हटल्यावर त्यांना ते पटलं नाही, तेव्हा सरांनी स्टॅम्पचं पॅड आणून दिलं. अंगठा घेतलेला तो कागद आम्ही स्कॅन करून जोडला.

ते गेल्यावर सरांनी तो कागद पुन्हा वाचून काढला. मग म्हणाले, "भाषा जरा सरळ करायची का?"

"अजिबात नाही," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

"बरं, बरं. आता ऐक. नातेवाईक बाजू घेईल म्हणून तो नियम केला. हा माणूस एसटीचं तिकीट काढून स्वतःच्या विरुद्ध साक्ष द्यायला आला. आपण झाकायचं काहीच नाही. सगळ्यात वर ठळक लिही, परीक्षक हे लेखिकेचे सख्खे चुलते, अकरा वर्षं बोलणं नव्हतं, आणि आपल्या हलगर्जीनं हे आधी कळलं नाही. वाचणारा ठरवेल काय धरायचं ते."

"'हलगर्जीनं' लिहायलाच पाहिजे का?"

"उघड म्हणजे उघड, तनुजा."

आमच्या प्रकाशन समितीच्या तिघांना फोन झाले. दोघे लगेच हो म्हणाले. तिसऱ्यानं पाऊण तास वाद घातला आणि शेवटी लेखिकेचं उत्तर बघून ठरवू, यावर गाडी आणून थांबवली. संध्याकाळी दोन्ही परीक्षणं अंबिकाला पाठवली. मी तिच्या फोनची वाट बघत बसले. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी अकरालाही आला नाही, आणि मी त्या न आलेल्या फोनला इतकी घाबरले की डबा तसाच परत नेला. घरच्या भांडणाचं मूळ इंटरनेटवर टांगायला निघालोय आपण, ती पोर पुस्तकच मागं घेईल, असं मला पक्कं वाटायला लागलं.

अठ्ठावीसला सकाळी तिचं उत्तर आलं, रीतसर, मुद्देवार. चित्रं मागून काढायला दिली आहेत. उजवा-डावा दुरुस्त केला. प्रस्थान काढलं, सतरा ठिकाणी होतं. चौथ्या मुद्द्याचं उत्तर सरांनी दोनदा वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "पत्र काढ." तिसऱ्या गृहस्थांनी यावेळी वाद घातला नाही. पाच वाजायच्या आत अंबिकाच्या हातात पत्र होतं आणि फोनवर ती रडत होती, मीही.

लेखकाचं उत्तर परीक्षकाला कळवायचं, हाही आमचा नियम. मी गंगापूरला फोन लावला. सूर्यभाननी उचलला. मागं मेंढ्यांचा गलका होता. मी सांगितलं की पुस्तक स्वीकारलं, आणि चौथा मुद्दा वाचायला घेतला.

"दुरुस्ती मान्य. सातऐवजी नऊ केलं आहे. शेळ्यांविषयी माहितगार क्रमांक चार, म्हणजे माझे वडील खंडेराव, यांना परीक्षण वाचून दाखवलं आणि विचारलं. ते म्हणाले, 'शेळ्या गेलेल्या मला पहिल्याच दिवशी दिसल्या होत्या. मेंढ्यांचं भांडलो, शेळ्यांचं काढलं नाय. सुगंधाची लेक तवा चार महिन्यांची होती. तिला दूध कुठून मिळणार होतं?' हे विधान त्यांच्या संमतीनं देत आहे."

पलीकडं नुसत्या मेंढ्या ऐकू येत होत्या. मी "मामा, मामा" केलं. मग फोन सुगंधाबाईंनी घेतला.

"पोरी, परत वाच," त्या म्हणाल्या. "आन् जरा मोठ्यानं वाच. ह्यांना नीट ऐकू आलं नाय म्हणतेत."

त्यांना चांगलं ऐकू आलं होतं. मी परत वाचलं.